‘हस्तनिर्मित’ या विशेषणाची पारख : वऱ्हाडातील सूप, माठ व सतरंजी यांच्या आधारे

१. विषयाची मांडणी

हस्तकलेची प्रदर्शने, महिला बचत गटांची विक्रीकेंद्रे, शासकीय भांडारे आणि अलीकडे इंटरनेटवरील दुकाने या सर्व ठिकाणी एक विशेषण सर्रास योजले जाते. ते विशेषण ‘हस्तनिर्मित’ हे होय. वस्तू बांबूची असो, मातीची असो वा सुताची असो, तिच्या गळ्यात बांधलेल्या चिठ्ठीवर हा शब्द असला की वस्तूची योग्यता सिद्ध झाली, अशी विक्रेत्याची व पुष्कळदा ग्राहकाचीही समजूत असते. चांगली हस्तनिर्मित वस्तू कशी निवडावी याविषयी मार्गदर्शनपर टिपणेही आता विपुल प्रसिद्ध होतात. त्यांत फिरून फिरून चार उपदेश आढळतात : चिठ्ठीवरील चिन्ह पाहावे, वस्तूतील लहानसहान असमानता ही हातकामाची खूण म्हणून स्वीकारावी, वस्तूमागील कथा जाणून घ्यावी, आणि घासाघीस करू नये.

या चारही उपदेशांत सद्भावना आहे, यात संशय नाही. परंतु त्यांतील एकही उपदेश ग्राहकाला दोन सुपांतून चांगले सूप निवडण्यास शिकवीत नाही. दोन्ही सुपे हातांनीच विणलेली असतात. दोहोंवर चिठ्ठी तीच असू शकते. दोहोंमागील कथाही एकच असू शकते. तरीही एक सूप दहा वर्षे टिकते व दुसरे पहिल्याच पावसाळ्यात पोखरले जाते. हा भेद ‘हस्तनिर्मित’ या शब्दाने व्यक्त होत नाही. तो व्यक्त करणारे शब्द मराठीत आहेत. ते कारागिरांच्या आणि घरातील कर्त्या स्त्रियांच्या तोंडी आहेत, चिठ्ठीवर मात्र नाहीत. हे शब्द कोणते, त्यांचे स्वरूप कोणते व ते नाहीसे झाल्याने कोणाचे नुकसान होते, याचा विचार अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील परिचित वस्तूंच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दाचे व्याकरण

‘हस्तनिर्मित’ हा तृतीया तत्पुरुष समास आहे. ‘हस्ताने निर्मिलेले’ असा त्याचा विग्रह होतो. या विग्रहाकडे थोडे बारकाईने पाहिले म्हणजे तीन गोष्टी ध्यानी येतात.

पहिली गोष्ट अशी की, हे विशेषण वर्गवाचक आहे, तरतमवाचक नाही. ‘हे सूप त्या सुपापेक्षा अधिक घट्ट आहे’ असे आपण म्हणू शकतो; ‘हे सूप त्या सुपापेक्षा अधिक हस्तनिर्मित आहे’ असे म्हणता येत नाही. एडवर्ड सपीर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तरतमभाव ही भाषेतील मूलभूत अर्थक्रिया म्हणून मांडली आहे. निवड करणे म्हणजे तरतमभाव ठरविणे होय. जे विशेषण तरतमभाव सहन करीत नाही, ते निवडीच्या कामी अर्धवटच उपयोगी पडणार. वस्तूला एका मोठ्या गटात टाकण्यापुरते त्याचे काम. त्या गटात तिचे स्थान वरचे की खालचे, हे ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट, या समासात करण आहे, पण कर्ता नाही. हात आहे, पण तो कोणाचा हे सांगितलेले नाही. ‘बुरुडाने विणलेले सूप’ या रचनेत कर्ता, क्रिया व कर्म ही तिन्ही उपस्थित असतात. ‘हस्तनिर्मित सूप’ या रचनेत कर्त्याच्या जागी त्याचा केवळ एक अवयव उरतो.

तिसरी गोष्ट क्रियेविषयीची आहे. मराठीत प्रत्येक कारागिरीला तिचे स्वतंत्र क्रियापद आहे. टोपले विणले जाते, मडके घडविले जाते, दोर वळला जातो, सूत कातले जाते, गोधडी शिवली जाते, तांब्याचे भांडे ठोकले जाते. प्रत्येक क्रियापदाबरोबर त्या क्रियेतील दोषही आपोआप सूचित होतात. जे विणले ते विरळ असू शकते, जे वळले ते सैल असू शकते, जे घडविले ते बेढब असू शकते. ‘निर्मित’ या संस्कृत धातुसाधिताने ही सर्व क्रियापदे एका पातळीवर आणली. त्याबरोबर त्या त्या क्रियेतील दोष दाखविण्याची सोयही गेली. विरळ निर्मिती वा सैल निर्मिती असे कोणी म्हणत नाही.

३. कायद्यांतील व्याख्या

चिठ्ठीवरील चिन्ह पाहावे, या पहिल्या उपदेशाचा विचार करताना त्या चिन्हांमागील व्याख्या पाहणे अगत्याचे आहे. त्या एकसारख्या नाहीत.

खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात खादीची जी व्याख्या आहे ती विधायक आहे. भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरीच्या सुतापासून भारतातच हातमागावर विणलेले कापड ते खादी, असा तिचा आशय. येथे कातणे व विणणे या दोन्ही क्रिया नावानिशी आल्या आहेत. म्हणून ती तपासता येते. याउलट हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या कायद्यात हातमागाची व्याख्या निषेधरूप आहे : यंत्रमागाव्यतिरिक्त कोणताही माग तो हातमाग. काय नव्हे एवढे या व्याख्येने कळते. काय आहे ते कळत नाही. २००६ साली सुरू झालेले हातमाग चिन्ह कापड हातमागावर विणल्याची ग्वाही देते, आणि ही ग्वाही निरुपयोगी नाही. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून खपविले जाते, तेव्हा तिची गरज भासते. पण वीण दाट की विरळ, रंग पक्का की कच्चा, हे प्रश्न त्या चिन्हाच्या कक्षेत येत नाहीत.

१९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा वस्तूचे स्थान सांगतो, हात सांगत नाही. सोलापुरी चादरीला हे मानांकन आहे आणि ती चादर यंत्रमागांवर मोठ्या प्रमाणात निघते, हे सर्वश्रुत आहे. त्यात गैर काहीच नाही. ग्राहकाने मात्र मानांकन व हातकाम यांची गल्लत करू नये.

सर्वांत उद्बोधक व्याख्या ‘हस्तकला वस्तू’ या संज्ञेची आहे. लाकडी फर्निचरवरील अबकारी कराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दोन निकष सांगितले. वस्तू प्रामुख्याने हाताने केलेली असावी; आणि नक्षी, जडावकाम वा तत्सम भरीव कामाने तिला दृश्य शोभा आलेली असावी. वस्तू व सेवा कराच्या संदर्भात २०१८ साली जी व्याख्या अधिसूचित झाली, तिच्यातही शोभेचा हा निकष कायम राहिला. कर आकारणीच्या सोयीसाठी अशी व्याख्या करणे समजण्यासारखे आहे. परंतु तिचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. ज्या सुपावर नक्षी नाही, रंग नाही, झालर नाही, ज्याची सारी कारागिरी त्याच्या उतारात, विणीत व कडेच्या बांधणीत सामावलेली आहे, ते या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. उलट त्याच सुपाला रंगीत लेस व आरसे चिकटवून भिंतीवर टांगण्याजोगे केले, की ते अधिक निःशंकपणे हस्तकला ठरते, मग त्यात धान्य पाखडता येवो वा न येवो. बाजारात आज सजविलेली सुपे दिसतात व धान्याची सुपे शोधावी लागतात, याचे एकमेव कारण ही व्याख्या नव्हे. पण बाजाराची व व्याख्येची दृष्टी एकच आहे, एवढे निश्चित.

४. सूप

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव हे गाव इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात सुती कापड, विड्याची पाने व बांबूचे विणकाम यांसाठी नमूद आहे. त्याच्या उत्तरेस मेळघाटचे अरण्य पसरले आहे. तेथील बांबू मुख्यतः भरीव जातीचा असून त्याचे शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असे आहे. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या बांबूकामाला दूरवरचा ग्राहक मिळवून दिला. म्हणजे कच्चा माल, कारागीर व परंपरा या तिन्ही गोष्टी या भूमीत आहेत.

येथे बांबूविषयीचे एक कायदेशीर शब्दप्रकरणही नोंदवावयास हवे. १९२७ च्या वन कायद्यात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. २०१७ साली ती व्याख्या दुरुस्त करून बांबू हा शब्द वगळण्यात आला, आणि वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडण्या-नेण्यावरील बंधने सैल झाली. एका शब्दाने नव्वद वर्षे कारागिराचा कच्चा माल अडविला होता. शब्दांचा प्रश्न हा केवळ कोशकारांचा प्रश्न नसतो, हे यावरून दिसून येईल.

बुरुडाच्या भाषेत बांबूच्या वयासाठी तीन पायऱ्या आहेत : कोवळा, जून व निबर. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, जसे ‘काळा’चे ‘काया’. ग्रिअरसनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची वैशिष्ट्ये नोंदविलेली आहेत. त्या नियमाने ‘कोवळा’ शब्द ‘कोवया’ असा ऐकू येतो. उच्चार कोणताही असो, अर्थ नेमका आहे. बांबू एकाच हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो, पण त्याचे काष्ठ पक्के होण्यास पुढे तीन-एक वर्षे लागतात. कोवळ्या बांबूची कामटी सहज वाकते, म्हणून विणणे सोपे जाते. पण वाळल्यावर ती आकसते आणि वीण सैल पडते. निबर बांबू वाकविताना तडकतो. जून बांबू चिवट असतो. सूप विकत घेताना कामट्यांमध्ये फटी पडल्या आहेत का, हे पाहावयाचे ते यासाठी. सूप नवे असतानाच फटी असतील, तर बांबू कोवळा होता वा ओला विणला होता, असे समजावे.

दुसरा भेद सालीच्या व गाभ्याच्या कामटीचा. बांबूच्या भिंतीत बाहेरच्या अंगाला तंतू दाट असतात, आतल्या अंगाला मऊ पेशी व त्यांतील पिष्ट अधिक असते. म्हणून सालीची कामटी बळकट व गुळगुळीत, तर गाभ्याची कामटी पोचट व तंतुरट असते. आणि पिष्टाच्या लोभाने भुंगेरे आधी तिलाच पोखरतात. एकाच बांबूपासून दोन्ही प्रकारच्या कामट्या निघतात आणि दोन्ही प्रकारची सुपे विणता येतात. दोन्ही तितकीच हस्तनिर्मित! ग्राहकाने सूप उलटे करून पाठीवरून हात फिरवावा. सालीची कामटी हाताला चकचकीत लागते. गाभ्याची कामटी कुसे देते. सूप जमिनीवर हलके आपटावे. पिठासारखी भुकटी खाली पडली तर कीड आधीच आत शिरली आहे. बांबू वाहत्या पाण्यात भिजवून ठेवला होता की धुरी दिली होती, की टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडविला होता, हे विचारावे. धान्याच्या सुपाच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरात काय येत आहे याच्याशी निगडित आहे. रंगीत कामट्या असल्यास ओले बोट घासून पाहावे. व्हार्निश लावलेले सूप धान्यासाठी घेऊ नये.

तिसरा भेद कडेचा. सुपाच्या तीन बाजू उभ्या व एक बाजू मोकळी असते. सारा ताण कडेवर येतो. दुहेरी पट्टी घालून जवळजवळ बांधलेली कड अंगठ्याने दाबली असता हलत नाही. केवळ तारेने वा खिळ्याने अडकविलेली कड थोड्याच दिवसांत सुटते.

सर्वांत महत्त्वाचा भेद उपयोगाचा आहे. पाखडणे व घोळणे या दोन क्रिया भिन्न आहेत. पाखडताना हलका कोंडा मोकळ्या तोंडाने बाहेर उडतो व दाणा मागे राहतो. घोळताना खडा व दाणा त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे होतात. या दोन्ही क्रियांसाठी सुपाला मागे खोली व पुढे सपाटी असावी लागते आणि पृष्ठभाग फार निसरडा असून चालत नाही. प्लास्टिकचे सूप स्वस्त व टिकाऊ असते. पण त्यावर सारेच एकदम घसरते. म्हणून मूठभर तूर दुकानातच पाखडून पाहणे ही सुपाची खरी परीक्षा. जुन्या काळच्या खरेदीत अशी परीक्षा घेणे असभ्य मानले जात नसे. सुपाला शेण, मेथी वा कागदाचा लगदा लिंपण्याची जी पद्धत होती, तीही विणीतील बारीक छिद्रे बुजविण्यासाठीच होती.

५. माठ व सतरंजी

अकोल्याच्या उन्हाळ्यात माठाची निवड ही चैनीची बाब नसते. मातीच्या भांड्यांची मराठी नामावली आकार व उपयोग यांनुसार सूक्ष्म भेद करते : बोळके, सुगड, गाडगे, मडके, घागर, माठ, डेरा, रांजण. यांपैकी गाडगे हा शब्द तर या प्रदेशातील एका महापुरुषाच्या नावातच स्थिर झाला आहे. संत गाडगे बाबांचा जन्म १८७६ साली अंजनगाव परिसरातील शेंडगाव येथे झाला. ते जवळ मातीचे गाडगे बाळगीत, म्हणून लोकांनी त्यांना ते नाव दिले. आणि अमरावती विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते.

माठाच्या परीक्षेचे शब्द ध्वनीचे आहेत. बोटाच्या पेराने टिचकी मारली असता नीट भाजलेला माठ खणखणतो. तडा गेलेला वा कच्चा भाजलेला माठ बद्द वाजतो. ‘खणखणीत’ हे विशेषण पुढे नाण्याला, आवाजाला व उत्तरालाही लागले, पण त्याच्या मुळाशी वाजवून पाहण्याची क्रिया आहे. दुसरी जोडी क्रियापदांची आहे : पाझरणे व गळणे. माठ पाझरला पाहिजे, पण गळता कामा नये. बाहेरच्या अंगावर आलेल्या ओलाव्याचे बाष्पीभवन होते तेव्हा आतील पाणी थंड होते. म्हणून तैलरंगाने रंगविलेला, छिद्रे बुजलेला माठ दिसण्यास कितीही सुबक असला, तरी तो पाणी गार करीत नाही. येथेही शोभेचा निकष वस्तूच्या धर्माच्या आड येतो. माठ पाण्याने भरून कोरड्या जमिनीवर काही वेळ ठेवावा. अंग ओलसर झाले व खाली थारोळे झाले नाही, म्हणजे तो उत्तम.

सतरंजीची गोष्ट किंचित निराळी आहे. अकोला जिल्ह्यातील अकोट हे गाव एके काळी सुती सतरंज्यांसाठी प्रसिद्ध होते. तिची परीक्षा ‘दाट’ व ‘विरळ’, ‘पक्का’ व ‘कच्चा’ या शब्दांनी होते. सतरंजी उजेडासमोर धरावी. बाणा पंजाने नीट ठोकलेला असेल तर उजेड आरपार येत नाही. दोन घड्या घालून काठ जुळतात का, ते पाहावे. ओला पांढरा रुमाल रंगावर घासावा. उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ असावी.

या ठिकाणी दुसऱ्या उपदेशाचा, म्हणजे असमानता ही हातकामाची खूण मानण्याचा, विचार करणे योग्य होईल. हाताच्या कामात अल्प असमानता राहते, हे खरे. पण ती राहते. ती साधावयाची नसते. कसलेला विणकर आयुष्यभर समान ठोक साधण्यासाठी झटतो. त्याच्या हातून जी सूक्ष्म असमानता राहते ती त्याच्या कौशल्याची सीमा असते, कौशल्य नव्हे. हीच असमानता ग्राहकाने गुण म्हणून मागावयास सुरुवात केली, की दोन अनिष्ट गोष्टी घडतात. एक तर निष्काळजी काम अस्सल म्हणून खपते; दुसरे म्हणजे यंत्रालाही असमानता शिकविली जाते. जाडबारीक सुताचे, हातमागाचा भास निर्माण करणारे यंत्रमागी कापड बाजारात पुष्कळ आहे. ज्या खुणेची नक्कल यंत्र सहज करू शकते, ती खूण पारखीचा आधार होऊ शकत नाही.

६. अन्यत्र झालेला विचार

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. डेव्हिड पाय या इंग्लिश कारागीर-लेखकाने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘हाताने केलेले’ हा वर्गच संदिग्ध ठरविला. कारण हत्यार, साचा वा साधन यांवाचून केवळ हाताने फारच थोड्या वस्तू होतात. त्याऐवजी त्याने जोखमीची कारागिरी व निश्चितीची कारागिरी असा भेद केला. जेथे परिणाम आधी ठरलेला नसून कामाच्या प्रत्येक क्षणी कारागिराच्या विचारावर, सफाईवर व दक्षतेवर अवलंबून असतो, ती जोखमीची कारागिरी. हा भेद उपयुक्त आहे, कारण जोखीम म्हटली की बिघडण्याची शक्यता मान्य झाली. आणि बिघाडाची शक्यता मान्य केल्यावरच चांगले व वाईट यांचा विचार सुरू होतो.

जपानात यानागी सोएत्सु व त्याचे सहकारी यांनी १९२५ साली ‘मिंगेई’ म्हणजे लोकांची कला हा शब्द घडविला आणि अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातील भांड्यांना सौंदर्यविचारात स्थान दिले. चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या लोट्याचे कौतुक केले, तेही त्याच्या नक्षीसाठी नव्हे. धरण्याची सोय, तोल, ओतण्याची धार, घासण्यातील सुलभता अशा प्रश्नांच्या कसोटीवर त्यांनी तो पाहिला. या विचारवंतांची भूमिका एकमेकांहून भिन्न आहे. तथापि वस्तू चिठ्ठीवरून नव्हे, वापरावरून पाहावी, याविषयी त्यांचे एकमत दिसते. वऱ्हाडातील गृहिणीला हे मत कोणी शिकविण्याची गरज नव्हती; तिच्या विशेषणांत ते अंतर्भूत होते.

७. पारखीचे अर्थकारण

पारखीचे शब्द नाहीसे झाले तर बिघडते काय? याचे उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे दाखविले की, विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते व ग्राहकाला ती ओळखता येत नाही, अशा बाजारात ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो; ती किंमत चांगल्या मालाला परवडत नाही; परिणामी चांगला माल बाजार सोडून जातो. याच निबंधात त्याने भारतातील बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे गृहिणीला निवडावे लागतात, हे उदाहरण घेतले आहे. अकरलॉफला २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या उदाहरणातील खडे ज्याने निवडावयाचे त्या सुपालाच हा न्याय आज लागू पडावा, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. जून बांबू शोधणारा, सालीच्या कामट्या काढणारा, कड दुहेरी बांधणारा बुरूड एका सुपाला अधिक वेळ देतो. ग्राहकाला तो भेद दिसत नसेल, तर त्या अधिक वेळेचे मोल त्याला कोण देणार? मग त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : गाभ्याच्या कामटीचे सूप विणणे, अथवा धंदा सोडणे.

म्हणून घासाघीस करू नये, हा उपदेशही अपुरा आहे. वाईट सुपाला मागेल ती किंमत देणे हा कारागिरावर उपकार नव्हे. तो शेजारच्या चांगल्या कारागिरावर अन्याय आहे. पारख करून चांगल्या सुपाला अधिक किंमत देणे, यातच दोघांचे हित आहे. वस्तूमागील कथेविषयीही तेच म्हणता येईल. कथा करुणा जागविते. करुणेने एकदा खरेदी होते, दुसऱ्यांदा खरेदी होते ती वस्तू चांगली निघाली म्हणूनच.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. ‘बुरुडाने विणलेले’, ‘कुंभाराने घडविलेले’ या रचनांत कर्ता आहे, असे वर म्हटले. पण तो कर्ता जातीच्या नावाने आला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेल्या व्यवस्थेत कारागिराचा धंदा जन्माने ठरत असे व त्याचे स्थानही. ‘हस्तनिर्मित’ या शब्दाने जातीचे नाव पुसले, हे त्याचे पुण्य नव्हे काय? हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. ज्या तरुणाला आपल्या धंद्याच्या नावाने हिणविले गेले, त्याला त्या नावाचा अभिमान बाळगण्याचा उपदेश करण्याचा अधिकार ग्राहकाला नाही. परंतु जातीचे नाव पुसताना व्यक्तीचे नाव लिहिले गेले नाही; जागा रिकामी राहिली व तीत विक्रेत्याचे नाव आले. चित्रावर चित्रकाराची सही असते, पुस्तकावर लेखकाचे नाव असते. सुपावर विणणाऱ्याचे वा विणणारीचे नाव, तिची इच्छा असेल तर, का असू नये? २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत टोपल्या, चटया व झाडू करणारे आणि काथ्याचे विणकर मिळून एकच वर्ग केलेला आहे. प्रशासनाला असे मोठे वर्ग लागतात. ग्राहकाने त्यावर समाधान मानू नये.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. पारखीची विशेषणे व जाहिरातीची विशेषणे यांत एक स्पष्ट भेद आहे. ‘घट्ट’, ‘चिवट’, ‘जून’, ‘खणखणीत’, ‘दाट’, ‘पक्का’ यांपैकी प्रत्येक शब्दामागे एक कृती आहे : दाबणे, वाकविणे, वाजविणे, उजेडासमोर धरणे, घासणे. ती कृती ग्राहकाला करता येते आणि तिचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. ‘हस्तनिर्मित’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘पर्यावरणपूरक’ या शब्दांमागे दुकानात करून पाहता येईल अशी कृती नाही. ते मान्य करावयाचे असतात किंवा नाकारावयाचे असतात. ज्या शब्दाची परीक्षा घेता येते त्या शब्दावर विसंबून खरेदी करावी. ज्याची घेता येत नाही तो केवळ ओळखीपुरता घ्यावा, हा साधा नियम ग्राहकाला पुरेसा आहे.

जेथे वस्तू हाताळता येत नाही, केवळ तिचे छायाचित्र दिसते, तेथे हा नियम अधिकच लागू आहे. अशा वेळी विक्रेत्याकडून पाच गोष्टी लेखी मागाव्यात : बांबू किती वर्षांचा, कामटी सालीची की गाभ्याची, कड कशाने बांधली, कीड लागू नये म्हणून काय केले, आणि वस्तू कोणी केली. मातीच्या व सुताच्या वस्तूंसाठी प्रश्न बदलतील, त्यांचे स्वरूप बदलणार नाही. ज्या विक्रेत्याला ही उत्तरे ठाऊक आहेत, त्याचा कारागिराशी खरा संबंध आहे असे मानावयास हरकत नाही.

भाषेच्या अभ्यासकांकडेही एक काम येते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात व दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त कारागिरीचे शब्द पुष्कळ आले आहेत, पण ते नामांच्या रूपाने अधिक, पारखीच्या शब्दांच्या रूपाने कमी. रोवळी म्हणजे काय हे कोश सांगतो. चांगली रोवळी कशी ओळखावी, हे ती विणणारीलाच विचारावे लागते. अंजनगाव, अकोट, धारणी येथील कारागिरांकडून हे शब्द, त्यामागील कृतींसह, टिपून घेणे हे विद्यापीठीय विभागांना सहज शक्य आहे. अशा संग्रहाचा पहिला वाचक भाषाशास्त्रज्ञ नव्हे, तर सूप विकत घेणारा ग्राहक असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.